यक्षिणीची झोप आणि जडहलका होन

एका राज्यात, जिथली नदी समुद्राला मिळण्याआधी रुंद होते आणि संथ होते, तिथे काठावर भिवरा नावाची एक रंगारीण राहत असे. तिच्या रंगशाळेत चाळीस माणसे काम करीत. कोणी कोरे कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवी, कोणी तुरटीच्या लेपाने त्यावर वेलबुट्टीचे ठसे उमटवी, कोणी मंजिष्ठाच्या मुळ्यांनी भरलेल्या कढईत ते उकळी, कोणी नदीत धुऊन वाळूवर पसरी. चाळीस दिवसांनी कापडाला असा लाल रंग चढे की डाळिंबाची बाग समजून पोपट त्यावर उतरत. ठसे उमटवणाऱ्यांत सर्वांत हलका हात भिवराच्या नवऱ्याचा, सिदोजीचा होता.

मंजिष्ठ येई समुद्रापलीकडच्या देशातून, आणि तयार कापड जाई त्याच देशात. इकडे सोन्याचा होन चाले, तिकडे पोवळी चालत. एका होनाला किती पोवळी पडतात हे बंदराच्या वेशीवर बसणारा एक म्हातारा धनेश पक्षी रोज सकाळी माणसाच्या वाणीने सांगे. पिढ्यान्‌पिढ्या तो एकच आकडा सांगत आला होता : वीस. म्हणून तो ऐकायला कोणी थांबत नसे.

मग राज्यावर टोळधाड आली. एकदा आली, दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली तेव्हा शेतात खायला काहीच उरले नव्हते. राजा मानदेव नुकताच गादीवर बसला होता. प्रजेची भूक त्याला पाहवेना. काळ्या डोंगराच्या गुहेत फार जुने सोने पुरलेले होते. ते कोणाचे तरी आहे हे सर्वांना ठाऊक होते, कोणाचे ते ठाऊक नव्हते. राजाने ते उपसले, परदेशातून गलबते भरून धान्य आणले आणि एकही माणूस भुकेने मरू दिला नाही.

धान्य आले, माणसे वाचली, आणि त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी धनेश म्हणाला, "चाळीस."

त्या दिवशी होन खरोखरच जड झाला. चार होन कनवटीला लावले की माणूस एका अंगाला झुके. लोक हसले, आनंदले. परदेशी रेशीम निम्म्या किमतीला मिळू लागले, काचेचे दिवे घरोघर येऊ लागले. पण त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी पलीकडच्या देशाचा नाखवा भिवराच्या अंगणात आला आणि रिकाम्या हाताने उभा राहिला.

"बाई, चादर तीच, रंग तोच," तो म्हणाला. "पण पाच होनांच्या चादरीला काल शंभर पोवळी पडत होती. आज दोनशे पडतात. दोनशे पोवळ्यांत आमच्याकडे बैल येतो."

"मग चारच होन द्या."

"त्याचीही एकशेसाठ होतात. नाही परवडत, बाई." आणि तो रिकामे गलबत घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी धनेश म्हणाला, "आठ." होन इतका हलका झाला की हातावर ठेवून फुंकर मारली तर उडे. आता सहा नाखवे धावत आले. होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी घेऊन गेले, आणखी मागू लागले. पण मंजिष्ठाची गोणी शंभर पोवळ्यांची. पूर्वी ती पाच होनांत येई, आता तिला साडेबारा होन पडू लागले. भिवराने अंगावरचे दागिने मोडून मुळ्या आणल्या, कढया चढवल्या. चाळीस दिवसांनी कापड तयार झाले, त्या सकाळी धनेश म्हणाला, "अडतीस."

असे एकदा नव्हे, अनेकदा झाले. होन जड झाला की गिऱ्हाईक नाही, हलका झाला की रंग नाही. भिवराने आधी दहा माणसे घरी पाठवली. मग बोलावली. मग वीस पाठवली. पहिल्या वेळी माणसे रडली. दुसऱ्या वेळी गप्प राहिली. तिसऱ्या वेळी तिने बोलावले तेव्हा कित्येक आलीच नाहीत. कोणी दगड फोडायला गेले होते, कोणी मासळी वाहायला.

नदीवर कापड धुणारी ठकूबाई रोज दारात येऊन उभी राही. "भिवराताई, उद्या येऊ का?"

"उद्या धनेश काय म्हणतो ते बघू."

"पाखराला विचारून मी पोरांना वाढू का?" ठकूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच भिवराला ते फार लागले.

एके दिवशी सिदोजीने आपले ठसे कापडात गुंडाळून फळीवर ठेवले. "मी पलीकडं जातो," तो म्हणाला. "तिथल्या बंदरावर गोण्या वाहायला माणसं लागतात."

"तुमचे हात गोण्या वाहायचे नाहीत."

"हातांना कुठं ठाऊक असतं भिवरा, ते कशाचे आहेत ते."

तिने त्याला भाकऱ्या बांधून दिल्या. तो गेला. रंगशाळेत आता एकच कढई राहिली, आणि ती ढवळायला भिवरा एकटी.

दोन वर्षे अशीच गेली. एका सकाळी ती बंदरावर गेली तेव्हा लोक धनेशाला दगड मारीत होते, जणू आकडा त्याने पोटातून काढला होता. लोक पांगले तेव्हा ती वेशीखाली गेली. ओच्यातली उंबरे तिने त्याच्यापुढे ठेवली आणि विचारले, "बाबा, होन असा का करतो?"

धनेशाने आपली मोठी चोच तिरपी केली. "बाई, 'किती?' हे सगळे विचारतात. 'का?' हे आजवर कोणी विचारले नाही."

"मी विचारते."

"तर ऐक. काळ्या डोंगराच्या पोटात एक यक्षीण निजलेली आहे. या राज्याचा पहिला होन तिने दिलेल्या मूठभर सोन्यातून पाडला गेला. तेव्हापासून होनाचा जीव तिच्या झोपेशी बांधलेला आहे. ती स्वस्थ होती तोवर होन स्वस्थ होता. राजाने तिच्या उशाचे सोने काढले, आणि ती जागी झाली. आता ती तळमळते. उजव्या कुशीवर वळली की होन जड होतो, डाव्या कुशीवर वळली की हलका होतो."

"राजाला हे सांगितलंस का?"

"राजानेही मला फक्त किती, एवढेच विचारले."

भिवरा तडक राजवाड्यात गेली. राजा मानदेव तरुण होता, पण काळजीने वाळला होता. त्याने सर्व ऐकून घेतले आणि मान खाली घातली. "म्हणजे भिवराबाई, हे सारे माझ्या हातून झाले."

"महाराज, तुम्ही आणलेलं धान्य माझ्या चाळीस माणसांनी खाल्लं. ती जगली. आता त्या जगलेल्यांना काम पाहिजे."

राजा उठला. घोडा मागवला नाही, सेना मागवली नाही. भिवरा आणि तो काळ्या डोंगराकडे चालत गेले, आणि धनेश त्यांच्या पुढे उडत गेला.

गुहेत यक्षीण पडली होती. तिच्या केसांत नेचे उगवले होते. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळे पडली होती. तिने राजाकडे पाहिले, आणि त्या दोघांना वाटले होते तशी ती मुळीच रागावली नाही. ती फक्त थकलेली होती.

"राजा, तीन गोष्टी दे," ती म्हणाली. "माझी उशी दे. माझे पांघरूण दे. आणि मला झोप लागेपर्यंत माझ्या कपाळावर हात ठेव."

"देवी, अर्धे सोने धान्यात गेले. ते कुठून आणू?"

"भुकेल्यांच्या पोटात गेले ते मी मागत नाही. उरले आहे तेवढे दे. उशी जरा लहान झाली तरी चालेल."

उरलेले सोने तीन ठिकाणी होते. काही कोठारात होते, ते बैलगाड्यांवर लादून आणले. काही राजवाड्याच्या कळसाला होते. तो उतरवला तेव्हा दरबारी कुरकुरले की आता दुरून राजवाडा कोणता आणि धान्याची वखार कोणती हे ओळखू येणार नाही. राजा म्हणाला, "वखार समजून लोक आले तर बरेच आहे." आणि शेवटचे थोडे सोने राजकन्येच्या पाळण्याला होते. राजा पाळण्याजवळ जाऊन उभा राहिला. राणीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग तिने निजलेल्या लेकीला उचलून खांद्यावर घेतले आणि म्हणाली, "हिला माझ्या लुगड्याची झोळी बांधीन. घेऊन जा."

पहिली गोष्ट पुरी झाली. यक्षिणीने डोके टेकले, पण तिचे अंग थंडीने कापत होते.

"शंभर वर्षांमागे तुझ्या गावच्या रंगाऱ्यांनी मला पांघरूण दिले होते," ती भिवराला म्हणाली. "शंभर हात लांब, मंजिष्ठाच्या रंगाचे. ते विरले. तसे दुसरे दे."

शंभर हातांचे पांघरूण एका कढईत आणि दोन हातांनी होणारे नव्हते. भिवराने राजाकडून एक वचन मागितले. पांघरूण पुरे होईपर्यंत होन जड होवो की हलका, रंगशाळेतल्या प्रत्येकाला राजाच्या कोठारातून रोज दोन शेर धान्य मिळावे. राजाने वचन दिले. मग ती दारोदार निघाली.

ठकूबाई भाजीच्या वाफ्यात वाकली होती. ती सरळ झाली नाही. "पांघरूण झालं की पुन्हा घरी बसायचं?"

"मला ठाऊक नाही," भिवरा म्हणाली. "खोटं सांगून तुला नेणार नाही. पण पांघरूण होईपर्यंत रोज सकाळी कुणी कुणाला विचारायचं नाही, उद्या येऊ का म्हणून. राजाचा शब्द आहे."

"तुझा आहे का?"

"माझाही आहे."

ठकूबाईने पदराला हात पुसले आणि ती निघाली. चाळिसांपैकी एकतीस जण आले. सहा जणांनी नकार दिला आणि तीन कुठे गेले ते कोणालाच सांगता आले नाही. भिवराने कोणाला दोष दिला नाही.

शंभर हात अखंड वेल उमटवणे मात्र सिदोजीशिवाय कोणाला जमणारे नव्हते. त्याला आणायला धनेश समुद्र ओलांडून गेला, आणि नवव्या दिवशी एका गलबतातून सिदोजी उतरला. तो खांद्यातून वाकला होता. भिवरा किनाऱ्यावर उभी होती.

"घरी काही धाडता आलं नाही," तो म्हणाला. "तीन महिने पोवळी साठवली, तर इकडं होन जड. मूठभर पोवळ्यांना एक होन. म्हटलं थांबू. हलका झाला तेव्हा गलबत नव्हतं. गलबत आलं तेव्हा पुन्हा जड."

"मी विचारलं का काही?" भिवरा म्हणाली, आणि त्याचे गाठोडे तिने आपल्या हातात घेतले.

दुसऱ्या दिवशी सिदोजीने ठसा उचलला, लेपात बुडवला आणि कापडावर टेकवला. वेल वाकडी उमटली. दुसरी वेल पहिलीवर चढली. गोण्यांच्या दोरांनी त्याच्या बोटांना घट्टे पडले होते, तळवे लाकडासारखे झाले होते. त्याने ठसा खाली ठेवला.

"भिवरा, बोटांना कळत नाही गं. कापड कुठं संपतं आणि मी कुठं सुरू होतो, कळतच नाही."

भिवराने ठसा त्याच्या हातात पुन्हा दिला आणि आपला हात त्याच्या हातावर ठेवला. "तुम्ही जोर द्या. जागा मी सांगते."

अशी शंभर हात कापडावर त्या दोघांनी एका हाताने वेल काढली. भोवती एकतीस माणसे भिजवीत होती, उकळीत होती, धूत होती. त्या काळात धनेश एकदा सदतीस म्हणाला, एकदा नऊ म्हणाला, आणि रंगशाळेत कोणी मानही वर केली नाही.

पांघरूण गुहेत नेले. यक्षिणीने त्यावरून बोटे फिरवली. "जुने असे नव्हते," ती म्हणाली. "याच्या वेलीला दुहेरी कड आहे."

"देवी, तो दोन हातांचा भार आहे. दुसरं आम्हांला आता येत नाही."

यक्षिणीने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतले. "राहू दे," ती म्हणाली. "ऊब आहे." दुसरी गोष्ट पुरी झाली.

मग राजा मानदेव तिच्या उशाशी बसला आणि तिच्या कपाळावर त्याने हात ठेवला.

"दाबू नकोस," यक्षीण म्हणाली, "नाहीतर मी उजवीकडे वळेन. उचलू नकोस, नाहीतर डावीकडे वळेन. नुसता असू दे."

राजा सात दिवस तसा बसला. राणी गुहेत येऊन त्याला घास भरवी आणि परत जाई. होन विसाच्या आसपास घुटमळू लागला. पण लोकांना धीर कुठला? दुसऱ्या दिवशी रेशमाचे व्यापारी आले आणि कुजबुजले, "महाराज, हात किंचित दाबा. होन जड होऊ दे. परदेशी रेशीम स्वस्त झाले की प्रजा तुमचा जयजयकार करील." राजाने हात दाबला नाही. चौथ्या दिवशी गलबतांचे मालक आले. "महाराज, हात किंचित उचला. होन हलका झाला की आमची गलबते भरून जातील." राजाने हात उचलला नाही.

सहाव्या दिवशी भिवरा धावत आली. तिला धाप लागली होती. "महाराज, नाखवा किनाऱ्यावर उभा आहे. होन पंधरावर आला तर पाचशे चादरी घेईन म्हणतो. पाचशे! माझी उरलेली नऊ माणसंसुद्धा परत येतील. जास्त नको. बोटभर उचला."

राजाने मान वळवून तिच्याकडे पाहिले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "भिवराबाई, माझ्या हाताला आता काही कळेनासे झाले आहे. तुम्ही मला इथवर आणलेत. तुम्ही सांगाल ते मी करीन. उचलू?"

भिवराने यक्षिणीकडे पाहिले. तिच्या पापण्या जड झाल्या होत्या, पुन्हा उघडत होत्या, पुन्हा मिटू पाहत होत्या, तान्ह्या मुलाच्या मिटतात तशा. पाचशे चादरी आज जातील. मग मंजिष्ठ आणायचे कसे? मग एखाद्या सकाळी पुन्हा अडतीस, आणि दारात उभी राहिलेली माणसे. उद्या येऊ का, ताई?

"नको, महाराज," ती म्हणाली. तिला रडू फुटले. "मी चुकले. असू दे तसाच."

आणि ती राजाशेजारी बसली. तिने राजाच्या कोपराखाली आपली ओंजळ धरली. अशी ती एक दिवस बसून राहिली. सातव्या दिवशी दुपारी, गुहेच्या तोंडाशी ऊन आले असताना यक्षिणीने एक दीर्घ श्वास सोडला, आणि ती निजली.

राजाने हात हळूच काढला. ती हलली नाही.

दुसऱ्या सकाळी धनेश म्हणाला, "बावीस." त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बावीस." महिनाभर तो तेच म्हणत राहिला आणि महिन्याने वेशीखालची गर्दी पांगली.

नाखवा चादरी उलटसुलट करून पाहत भिवराच्या अंगणात बसला. "विसाला बरं होतं. बावीस जरा जास्तच," तो कुरकुरला. "पाचशे नाही घेणार. दोनशे घेतो." मग त्याने थोडा विचार केला. "पण पुढच्या वर्षीच्या दोनशेही आजच सांगून ठेवतो. त्याच्या पुढच्या वर्षीच्याही."

तो गेल्यावर भिवराने सर्वांना अंगणात बोलावले आणि सांगितले की काम आहे, उद्या आहे, पुढच्या वर्षीही आहे. कोणी ओरडले नाही, कोणी नाचले नाही. ठकूबाई मटकन खाली बसली, आणि पुष्कळ दिवसांचे ओझे उतरवलेल्या माणसासारखी नुसती बसून राहिली. न आलेल्यांपैकी चार जण पुढे परतले. बाकीच्यांनी दुसरीकडे आपला संसार मांडला होता, तो सुखाचा झाला.

सिदोजीने पलीकडून येताना ओल्या पोत्यात मंजिष्ठाची रोपे आणली होती आणि ती परसात जगवली होती. एका सकाळी त्याने ती काळ्या डोंगराच्या उतारावर नेली. भिवरा बरोबर होती. डोंगराच्या पोटात कोणी निजले आहे म्हणून दोघांनी पहार वापरली नाही, हातांनीच माती उकरली. एक खड्डा झाला, दुसरा झाला.

"मुळ्या कधी लाल होतील?" भिवराने विचारले.

"तीन वर्षं लागतात."

भिवरा थांबली. मागच्या दोन वर्षांत तिने तीन दिवसांपुढचे काही मनात आणले नव्हते. तिने सबंध उतारावरून नजर फिरवली, खाली नदीपर्यंत.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "तोवर इथंच ना?"

"इथंच," सिदोजी म्हणाला, आणि त्याने तिच्या हातात पुढचे रोप दिले.

त्या राज्यात तेव्हापासून माणसे तीन वर्षांपुढचे बोलू लागली. ऐकणाऱ्यांनाही तसे बोलता येवो.